मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

प्रश्न : हवामानबदलाविषयी वाचून गेल्या वर्षी मी ठरवले की निदान आपल्या घरापुरते तरी कार्बन उत्सर्जन कमी करायचे. तेव्हापासून रोज रात्री झोपण्यापूर्वी मी घरभर फिरून मोबाइलचे चार्जर काढते. रिकाम्या खोलीतला दिवा चालू दिसला की बोलल्यावाचून राहवत नाही आणि त्यावरून मुलाशी खटके उडतात. वर्षभराची बिले शेजारी-शेजारी मांडून पाहिली, तर महिन्याला जेमतेम चार-पाच युनिटांचा फरक पडलेला दिसला. पती म्हणतात, ‘कारखाने धूर ओकत असताना तुझ्या एका दिव्याने काय होणार?’ थेंबे थेंबे तळे साचे, यावर माझा विश्वास आहे. पण तळे काही दिसत नाही. सासूबाईंना कडकडीत पाण्याने आंघोळ लागते, त्यांना काही सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय आमचा फ्रिज चौदा वर्षांचा आहे. तो बदलावा की चालतो आहे तोवर वापरावा, हेही ठरत नाही. माझे नेमके चुकते कुठे?
एक वाचक

उत्तर :

स. न.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तुम्ही वर्षभराची बिले काढून ती एकमेकांशी ताडून पाहिलीत. वीज वाचवण्याचा संकल्प करणारे पुष्कळ असतात, पण त्याचे पुढे काय झाले हे मीटरला विचारणारे फार थोडे. मीटरने दिलेले उत्तर मनाला लावून घेऊ नका. तुमची चिकाटी कुठेही कमी पडलेली नाही. ती भलत्या जागी खर्च झाली आहे. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, अशी आपल्याकडे म्हण आहे. चार्जर आणि दिवे ही तुमच्या घराची मोरी आहे, आणि दरवाजा कुठे उघडा आहे ते मला तुमच्या पत्रातच ओझरते दिसते आहे.

आपण जे डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते त्याच्याच मागे लागतो. दिवा उजळतो म्हणून खटकतो आणि टीव्ही बोलतो म्हणून उधळपट्टी वाटतो. गिझर मात्र भिंतीवर मुकाट्याने बसलेला असतो, फ्रिज कोपऱ्यात हलकेच गुरगुरतो आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. प्रत्यक्षात घरातील ऊर्जेचा मोठा वाटा कोणती तरी वस्तू तापवण्यात किंवा गार करण्यात जातो. प्रकाश, आवाज आणि पडद्यावरची चित्रे यांना त्या मानाने फारच थोडी वीज पुरते. एवढा एक भेद मनात पक्का केला, तर लक्ष कुठे द्यायचे ते आपोआप ठरते.

चार्जरपासूनच हिशेब करू, म्हणजे पुन्हा त्याकडे वळावे लागणार नाही. फोन न जोडता भिंतीत नुसताच राहिलेला आजचा चार्जर साधारण एक-दशांश वॅट वीज घेतो. वर्षाचे ८,७६० तास तो तसाच राहिला, तरी त्यात एक युनिटही जळत नाही. तुमच्या घरात असे सहा चार्जर आहेत असे धरले, तर वर्षभर रोज रात्री केलेल्या फेरीतून पाचएक युनिटे वाचली. आता दुसरीकडे पाहा. वीस लिटरची एक बादली पाणी २५ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ०.५८ युनिट लागते. हा आकडा पाण्याच्या गुणधर्मातून येतो, साधा विजेचा गिझर कोणत्याही कंपनीचा असला तरी तो याहून खाली जात नाही. म्हणजे तुमच्या वर्षभराच्या रात्रफेऱ्यांची कमाई नऊ बादल्या गरम पाण्यात संपते. दिव्यांचेही तेच आहे. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आपल्या विजेपैकी जेमतेम पाच टक्क्यांचा प्रकाश करत असे आणि बाकीची उष्णता म्हणून उधळत असे, त्या काळात ‘दिवा बंद कर’ या ओरडण्याला अर्थ होता. आज त्याच उजेडाचा एलईडी नऊ वॅटचा असतो. मुलगा तो विसरला, तर एका बादलीइतकी वीज जळायला ६४ तास, म्हणजे अडीच दिवसांहून अधिक काळ लागेल. घरात अजून पिवळे बल्ब उरले असतील तर ते आजच बदला. एलईडी असतील तर मुलाशी तह करा. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करणे ही चांगली सवय आहेच, पण तिच्यासाठी रोज घरातली शांतता मोडावी इतकी ती मोठी नाही.

आता मोकळ्या दरवाजाकडे येऊ. पाणी तापवणे हे बहुतेक घरांतील सर्वांत भुकेल्या कामांपैकी एक असते, आणि त्याचा खर्च दोनच गोष्टींवर ठरतो : पाणी किती आणि ते किती अंशांनी तापवले. सासूबाई एक बादली कडकडीत पाणी घेत असतील, अगदी ३० अंशांनी तापवलेले, तर त्यांच्या आंघोळीला ०.७ युनिट लागते. मुलगा शॉवरखाली उभा राहत असेल, शॉवरमधून मिनिटाला दहा लिटर पाणी येत असेल आणि तो दहा मिनिटांनी बाहेर पडत असेल, तर त्याने शंभर लिटर पाणी वापरले. ते अंगाला केवळ कोमट लागले, म्हणजे मूळ पाण्यापेक्षा २५ अंशच गरम असले, तरी त्यात २.९ युनिटे गेली, महिन्याकाठी सत्त्याऐंशी. तेव्हा सासूबाईंना काही सांगू नका. त्यांची बादली ही बहुधा तुमच्या घरातील सर्वांत काटकसरीची आंघोळ आहे, आणि म्हातारपणी थंडी अधिक वाजते हेही ध्यानात ठेवायला हवे. मुलापुढे हेच आकडे ठेवा, पण आरोप म्हणून ठेवू नका. दहा मिनिटांची सहा मिनिटे झाली तरी महिन्याला पस्तीसएक युनिटे वाचतात. तुम्ही वर्षभर धडपडून महिन्याला जे वाचवलेत त्याच्या सातपट. शॉवरच्या तोंडाशी पाण्याचा प्रवाह कमी करणारी जाळी मिळते, ती बसवली तर वेळेवरून वाद घालण्याचीही गरज राहत नाही.

गिझर टाकीचा असेल तर तो दिवसभर चालू ठेवू नका. टाकीतील गरम पाणी वापरले नाही तरी हळूहळू निवत राहते आणि गिझर ते पुन्हा पुन्हा तापवतो. त्यात रोज अर्धे युनिट, कधी त्याहूनही अधिक, कोणाच्याही अंगावर थेंब न पडता जाते. आंघोळीपूर्वी तो लावावा आणि सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरकाव्यात, हे उत्तम. एक सावधगिरी मात्र बाळगा. मोठ्या टाकीत पाणी चोवीस तास साठवून ठेवायचेच असेल, तर वीज वाचवण्यासाठी त्याचे तापमान फार खाली आणू नका, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे घातक जिवाणू वाढतात; अशी टाकी ६० अंशांच्या आसपास ठेवतात.

विजेने पाणी तापवण्यात आणखी एक विसंगती दडलेली आहे. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात कोळसा जाळून जी उष्णता मिळते तिच्यापैकी साधारण एक-तृतीयांशाचीच वीज होते, बाकीची धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यातून हवेत जाते. म्हणजे आपण उष्णतेपासून वीज करतो, दोन-तृतीयांश वाटेत सांडतो, उरलेली तारांवरून घरापर्यंत आणतो आणि स्नानघरात तिची पुन्हा उष्णताच करतो. छतावर जागा आणि ऊन असेल तर सौर बंब हा सगळा द्राविडी प्राणायाम टाळतो. उष्णता-पंपाचा गिझर हा दुसरा मार्ग आहे. तो उष्णता निर्माण न करता बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात आणतो, त्यामुळे एका युनिटात तीन युनिटांइतकी उष्णता मिळू शकते. दोन्हींना सुरुवातीचा खर्च मोठा असतो. म्हणून चालू गिझर काढून टाका असे मी सांगणार नाही, पण तो बिघडेल तेव्हा हे दोन पर्याय आधी तपासा.

तुमच्या पत्रात एसीचा उल्लेख नाही, पण हे उत्तर इतरांच्याही हाती पडणार आहे, आणि एसीबद्दल एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. बाहेरून घामाघूम होऊन आलेला माणूस खोली लवकर गार व्हावी म्हणून रिमोटवर १८ अंशांचा आकडा लावतो. साध्या, स्थिर गतीच्या एसीचा कंप्रेसर एकतर चालू असतो किंवा बंद. १८ लावल्याने तो २६ लावल्यापेक्षा अधिक जोराने चालत नाही, थांबायचा तेव्हा थांबत नाही एवढाच फरक. तापमान एका अंशाने वाढवले की साधारण पाच-सहा टक्के वीज वाचते. २६ किंवा २७ अंश ठेवून जोडीला पंखा लावला तर अंगाला तितकेच सुखावह वाटते, आणि पंखा जुना असला तरी ७५ वॅटच्या आसपासच वीज घेतो. खिडकीवरचे ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर उष्णता खोलीत आलेली असते.

एसीच्या बाबतीत एक गोष्ट बिलात दिसत नाही आणि म्हणून ती सहसा कोणी सांगत नाही. एसीतील शीतक वायू बंद नळ्यांमधून फिरतो. तो पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तेव्हा ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. बऱ्याच एसींत वापरला गेलेला आर-४१०ए हा वायू एक किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. कोळशाच्या विजेची दोन हजार युनिटे जाळावीत तेवढा हा भार आहे. म्हणून कारागीर नुसता गॅस भरून निघाला तर त्याला थांबवा, आधी गळती शोधायला लावा.

स्वयंपाकघराचे थोडक्यात सांगतो, कारण झाकण, कुकर आणि भिजवण या गोष्टी तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असतील. एकच बाब आवर्जून लिहावीशी वाटते. भांड्यातील पाण्याला उकळी फुटल्यावर ज्योत मोठी ठेवली म्हणून ते अधिक तापत नाही. उघड्या भांड्यात ते शंभर अंशांच्या आसपासच राहते, वर जाते ती केवळ वाफ. आणि वाफ करणे फार महाग काम आहे : एक लिटर पाणी शून्यापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक त्या पाण्याची वाफ करायला लागते. उकळी आली की आच मंद करावी, या जुन्या शिकवणीमागे हे गणित आहे. बर्नरची ज्योत पिवळी होऊन भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली असेल, तर बर्नर स्वच्छ करून घ्या.

माझ्या आकड्यांवर विसंबून राहू नका, तुमचे आकडे तुम्हीच काढा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा उघडझाप करत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटाला किती उघडझापा होतात तो आकडा छापलेला असतो. तुमच्या मीटरवर तो ३२०० असेल, तर दोन उघडझापांमध्ये किती सेकंद जातात ते मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. त्या क्षणी घर किती वॅट वीज घेत आहे ते निघते. (आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागून जे येईल ते ११२५ च्या जागी घ्यावे.) एका संध्याकाळी मुलाला मीटरपाशी उभे करा आणि घरातील एकेक उपकरण बंद-चालू करत जा. खोलीतला एलईडी लावला तर त्याला मीटरवरच्या दिव्याच्या गतीत फरक जाणवणारसुद्धा नाही. मग दोन हजार वॅटचा गिझर लावा : सावकाश मिचकावणारा दिवा एकदम सेकंदाला जवळपास दोन वेळा फडफडू लागेल. माझ्या घरी हा प्रयोग केला तेव्हा सर्व काही बंद केल्यावरही दिवा थांबेना. शोधता शोधता टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स हाती लागला, टीव्ही बंद असतानाही तो हाताला चांगला कोमट लागत होता. दहा वॅट वर्षभर चालू राहिले की ८८ युनिटे होतात. जुन्या उपकरणांचे स्टँडबाय, म्हणजे बंद दिसत असतानाही वीज खात राहणे, असे असते. चार्जरच्या पंक्तीत त्याला बसवू नका. चोराला आपल्या हाताने पकडल्याचा आनंद मुलालाही मिळेल, आणि तुमचे काम उपदेशाविना होईल.

पतींचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. घरात येणारी वीज कशापासून बनते हे घर ठरवत नाही. कोळशाच्या एका युनिटामागे साधारण ९०० ग्रॅम ते एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, नैसर्गिक वायूच्या युनिटामागे त्याच्या निम्म्याहून कमी, आणि पाणी, वारा किंवा सूर्य यांपासूनच्या विजेत नगण्य. उपकरणांच्या नियमांचा परिणामही एकट्यादुकट्याच्या काटकसरीहून मोठा असतो : अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या आरंभी विकला जाणारा सरासरी फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिटे घेत असे, आणि कार्यक्षमतेचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेल्यावर, आकार वाढूनही, तो ५०० युनिटांच्या आसपास आला. शिवाय स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते की वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, वाढला. स्वस्त पडते म्हणून आपण अधिक वापरतो. एलईडी आल्यावर सज्जे आणि कुंपणे रात्रभर उजळू लागली, ते याच न्यायाने.

उरलेले अर्धे मात्र त्यांनी नीट पाहिलेले नाही. वीज ज्या क्षणी मागितली जाते जवळजवळ त्याच क्षणी तयार करावी लागते, त्यामुळे असंख्य घरांनी संध्याकाळी मागणी थोडी उतरवली की कुठला तरी एक वीजनिर्मिती संच चालवावा लागत नाही, आणि संध्याकाळी सूर्य मावळलेला असल्याने तो बहुधा इंधन जाळणाराच असतो. (धुणे-इस्त्रीसारखी कामे दुपारी उरकावीत, ते यासाठीच.) किती उतरवता येते? एप्रिल २००८ मध्ये अलास्कातील जूनो या गावाला जलविद्युत केंद्राशी जोडणारी वाहिनी हिमकड्याने तोडली आणि सगळा भार महागड्या डिझेल जनित्रांवर आला. दर कित्येक पटींनी वाढणार हे कळताच गावाने काही आठवड्यांतच आपला वापर एक-चतुर्थांशाहून अधिक उतरवला. तिथे नवे यंत्र आले नव्हते की नवा कायदा झाला नव्हता. घरोघरी लोकांनी वीज कुठे जाते ते पाहिले आणि वापर आवरता घेतला. वाहिनी दुरुस्त झाल्यावर बराचसा वापर परतला, हेही खरे. म्हणून मी रोजच्या निग्रहापेक्षा एकदाच करण्याच्या गोष्टींवर अधिक भर देतो. प्रवाह कमी करणारी जाळी किंवा गिझरला लावलेला टायमर तुम्ही कंटाळलात तरी आपले काम करत राहतात.

शेवटी फ्रिज. चौदा वर्षे हे बदलण्याचे कारण होत नाही, रोज किती युनिटे जातात ते कारण होते. आधी दाराची रबरी पट्टी तपासा : कागदाचा एक कपटा दारात धरून दार लावा आणि ओढा, तो सहज निसटला तर गार हवाही तिथूनच निसटते, आणि पट्टी बदलणे फ्रिजपेक्षा फार स्वस्त असते. मागच्या जाळीवरची धूळ पुसा, फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढा, आत चार अंशांहून आणि बर्फाच्या कप्प्यात उणे अठराहून अधिक गारवा ठेवू नका. त्यानंतर एखाद्या रात्री फ्रिजखेरीज जे काही चालू राहते त्याची वीज वजा करून, निजताना आणि उठल्यावर मीटर वाचा. दिवसाच्या हिशेबात एक युनिट किंवा त्याहून कमी भरले, तर अजून काही वर्षे तो वापरा, कारण नवा फ्रिज बनवतानाही कार्बन खर्च होतोच. दोन युनिटांच्या पुढे गेले, तर बदला. आजचा चांगला फ्रिज पाऊण युनिटाच्या आत भागवतो आणि वर्षाला साडेचारशे युनिटे वाचवतो.

बदललात, तर जुना फ्रिज बाहेरच्या खोलीत ‘जास्तीच्या पाण्यासाठी’ म्हणून चालू ठेवू नका, नाहीतर बचत उलटी होईल. तो भंगारात देण्यापूर्वी मागच्या बाजूच्या पट्टीवरील वायूचे नाव वाचा. तिथे आर-१३४ए लिहिले असेल, तर आतला शंभरएक ग्रॅम वायू हवेत सोडणे म्हणजे सुमारे १४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. अंगणातच नळी कापून वजन हलके करणाऱ्याला तो देऊ नका, वायू काढून घेण्याची सोय असलेल्या ठिकाणीच पोहोचवा.